एडगर कॉड : ओळींच्या हिशेबाला तर्काची शिस्त देणारा गणितज्ञ

महिनाअखेरीची वेळ. एखाद्या कंपनीच्या हिशेब विभागात विक्रीचा अहवाल तयार होतो आणि तो पाहून सगळेच बुचकळ्यात पडतात. महिन्याभरात फाडलेली बिले एक हजार, अहवालात मात्र ओळी साडेतीन हजारांच्या घरात. विक्रीची रक्कमही त्याच प्रमाणात फुगलेली. माहिती चुकीची भरलेली नसते, संगणकही बिघडलेला नसतो. ग्राहक, बिले, मालाचा तपशील आणि जमा झालेले हप्ते अशा चार तक्त्यांची जोडणी करताना कुठेतरी ओळींना ओळी फुटलेल्या असतात. पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तरुणांना हा अनुभव नवा नाही. एसक्यूएल या भाषेत प्रश्न विचारायचा, अपेक्षेपेक्षा भलत्याच संख्येने ओळी हाती यायच्या आणि मग रात्र जागून कारण शोधायचे, हे या व्यवसायात ठरलेलेच. मात्र या चुकीचे मूळ १९७० सालीच एका निबंधात नोंदवले गेले होते आणि तो निबंध म्हणजेच या साऱ्या तंत्राचा जन्मदाखला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या निबंधाचे लेखक होते एडगर फ्रँक कॉड.

कॉड यांचा जन्म १९२३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट परगण्यात, पोर्टलंड बेटावर झाला. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका. सात भावंडांत हे शेंडेफळ. पूल येथील ग्रामर स्कूलमधील शिक्षण संपवून शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात दाखल झाले ते रसायनशास्त्र शिकण्यासाठी. पण दुसरे महायुद्ध पेटलेले होते. १९४२ मध्ये कॉड स्वेच्छेने शाही हवाई दलात गेले आणि किनारा संरक्षण विभागात सुंदरलँड जातीची सागरी विमाने चालवू लागले. उड्डाणाच्या प्रशिक्षणासाठी त्यांना अमेरिकेत पाठवण्यात आले होते. विमान उडवण्याचा छंद आणि अमेरिकेची ओढ या दोन्ही गोष्टी त्या काळातच जडल्या, आणि त्या पुढे आयुष्यभर टिकल्या.

युद्ध संपल्यावर ऑक्सफर्डला परतलेल्या या वैमानिकाने रसायनशास्त्र सोडून गणित घेतले. १९४८ मध्ये पदवी हाती पडताच त्यांनी न्यूयॉर्क गाठले. तिथे पहिली नोकरी मिळाली ती मेसीज या प्रचंड दुकानात, पुरुषांचे खेळाचे कपडे विकण्याची! ऑक्सफर्डचा गणिती काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाइकांना कपडे दाखवतो आहे, हे दृश्य गमतीचे खरे. पण कॉड यांनी त्यात कमीपणा मानला नाही. त्यानंतर टेनेसी विद्यापीठात सहा महिने गणित शिकवून १९४९ मध्ये ते आयबीएममध्ये लागले. मॅनहॅटनमधील कंपनीच्या इमारतीत त्या काळचा एक अवाढव्य गणनयंत्र संच बसवलेला होता आणि रस्त्याने जाणारे-येणारे काचेतून त्याचे चमकणारे दिवे पाहत असत. त्या यंत्रासाठी कार्यक्रम लिहिण्यापासून कॉड यांच्या संगणकीय कारकिर्दीला आरंभ झाला.

स्वभाव मात्र नोकरदाराचा नव्हता. पन्नाशीच्या दशकारंभी अमेरिकेत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टांच्या शोधाच्या नावाखाली संशयाचे वातावरण माजवले. ज्या देशाच्या ओढीने आपण घर सोडले तिथेच विचारांची गळचेपी व्हावी, हे कॉड यांना सहन झाले नाही. १९५३ मध्ये चालती नोकरी सोडून ते कॅनडात ओटावाला निघून गेले. तिथे चार वर्षे काढल्यावर आयबीएममधल्या एका जुन्या वरिष्ठाशी योगायोगाने गाठ पडली आणि १९५७ मध्ये ते परतले. पटले नाही तर बाजूला व्हायचे, पण पटल्याचे सोंग करायचे नाही, ही त्यांची वृत्ती या प्रसंगात प्रथम ठळकपणे दिसते. पुढे तिची किंमत त्यांना मोजावी लागली.

आयबीएमने त्यांना शिक्षणासाठी मिशिगन विद्यापीठात पाठवले तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. स्वतःची प्रतिकृती स्वतःच घडवू शकेल असे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, हे जॉन फॉन न्यूमन यांनी दाखवले होते. त्यांच्या रचनेतील प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत. कॉड यांनी तेच काम ८ अवस्थांत होऊ शकते हे सिद्ध केले आणि १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय अगदी वेगळा. पण गुंतागुंतीच्या रचनेतील अनावश्यक भाग काढून टाकून तिचा गाभा शिल्लक ठेवण्याची त्यांची हातोटी इथेच घडली, असे म्हणायला हरकत नाही.

साठीच्या दशकाअखेर ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत आले. तोपर्यंत मोठ्या कंपन्या आपली माहिती संगणकात साठवू लागल्या होत्या, पण ती बाहेर काढणे हे महाकर्मकठीण काम होते. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो चांद्रमोहिमेच्या कामातून जन्मली होती. तिच्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. दुसऱ्या एका पद्धतीत एका नोंदीला पुढच्या नोंदीचा पत्ता बांधलेला असे. दोन्हीकडे प्रोग्रॅमरला या फांदीवरून त्या फांदीवर, या पत्त्यावरून त्या पत्त्यावर असा प्रवास स्वतः करावा लागे. साठवणीची रचना बदलली की आधीचे सारे प्रोग्रॅम निकामी होत. साधा नवा प्रश्न विचारायचा तर आठवडाभराचे काम.

कॉड यांनी या अरण्याकडे गणितज्ञाच्या नजरेने पाहिले. १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये अमेरिकेतील संगणक संघटनेच्या प्रसिद्ध मासिकात त्यांनी जी कल्पना मांडली ती आज ऐकताना अगदी साधी वाटते. सगळी माहिती तक्त्यांत ठेवा. प्रत्येक तक्ता म्हणजे गणितातला एक संबंध, म्हणजेच ओळींचा एक संच. ओळी कोणत्या क्रमाने ठेवल्या आहेत याला अर्थ नाही. दोन तक्त्यांमधला दुवा हा दडलेल्या पत्त्यांनी नव्हे, तर दोन्हीकडे असलेल्या सामाईक मूल्यांनी जोडला जाईल. विचारणाऱ्याने काय हवे एवढेच सांगावे. ते कसे शोधायचे हे यंत्राने पाहावे.

यातला 'संच' हा शब्द महत्त्वाचा. संचात एकच घटक दोनदा असत नाही, हे शाळेतल्या मुलालाही शिकवलेले असते. म्हणून कॉड यांच्या तक्त्यात हुबेहूब एकसारख्या दोन ओळींना जागा नव्हती. प्रत्येक ओळ म्हणजे जगाविषयीचे एक विधान, आणि तिला ओळख देणारी एक किल्ली तिच्यापाशी असलीच पाहिजे. या आग्रहामागे सौंदर्यदृष्टी नव्हती, हिशेब होता. तक्त्यात किती ओळी आहेत या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच अर्थपूर्ण ठरते, जेव्हा प्रत्येक ओळ कशाची आहे हे नेमके सांगता येते.

त्याच निबंधात जोडणीविषयीचा तो इशारा आहे. कॉड यांनी पुरवठादार, सुटे भाग आणि प्रकल्प यांचे उदाहरण घेतले होते. कोणता पुरवठादार कोणता भाग पुरवतो हा एक तक्ता; कोणता भाग कोणत्या प्रकल्पात लागतो हा दुसरा. समजा, एक विशिष्ट बोल्ट दोन पुरवठादार पुरवतात आणि तो तीन प्रकल्पांत लागतो. बोल्टच्या आधारे हे दोन तक्ते जोडले की दोन गुणिले तीन अशा सहा ओळी मिळतात. पण या सहा ओळी पाहून प्रत्येक पुरवठादार प्रत्येक प्रकल्पाला माल देतो असे समजणे ही घोडचूक होय. प्रत्यक्षात व्यवहार तीनच असू शकतील, चार असतील, पाच असतील किंवा सहाही असतील. मूळ दोन तक्त्यांत ती माहितीच नाही, मग जोडणीतून ती येणार कोठून? संगणक देतो ती यांतली सर्वांत मोठी शक्यता. ज्या मूल्याला दोन्ही बाजूंना एकाहून अधिक जोडीदार असतात, त्याला कॉड यांनी संदिग्धतेचा बिंदू म्हटले, आणि असल्या ओळींवरून भलता निष्कर्ष काढण्याला जोडणीचा सापळा असे नाव दिले. अनेक प्रणाली रचणारे या सापळ्यात सापडले आहेत, असेही त्यांनी तेव्हाच नोंदवून ठेवले.

हिशेब विभागातली ती साडेतीन हजार ओळींची गोष्ट याच सापळ्याची आहे. सहा हजार रुपयांचे एक बिल घ्या. त्यात तीन वस्तू आहेत आणि ग्राहकाने तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत पैसे भरले आहेत. बिल, वस्तू आणि हप्ते हे तीन तक्ते बिल क्रमांकावर एकत्र जोडले की सहा ओळी होतात; कारण वस्तूंचा हप्त्यांशी काहीही संबंध नसताना प्रत्येक वस्तू प्रत्येक हप्त्याशेजारी जाऊन बसते. बिलाच्या रकमेची बेरीज घेतली तर छत्तीस हजार भरते आणि हप्त्यांची अठरा हजार. वसुली बिलाच्या तिप्पट झाली असे पाहून एखादा मालक हरखूनही जाईल!

निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा आयबीएमने मात्र आनंदोत्सव केला नाही. आयएमएसमध्ये कंपनीचा पैसा आणि प्रतिष्ठा गुंतलेली होती. आपल्याच घरातल्या एका संशोधकाने ही पद्धत कालबाह्य ठरवावी हे व्यवस्थापनाला रुचणारे नव्हते. कॉड स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी कंपनीच्या मोठ्या ग्राहकांपर्यंत आपली कल्पना पोहोचवली. मग ग्राहकच कंपनीला विचारू लागले. बाहेरही विरोध होता. पत्त्यांच्या साखळीवर आधारलेल्या पद्धतीचे प्रवर्तक चार्ल्स बाकमन यांना १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला होता. पुढच्याच वर्षी मिशिगनमधील ॲन आर्बर येथे दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झडला. तक्त्यांची कल्पना कागदावर शोभिवंत आहे, पण यंत्रावर ती कूर्मगतीने चालेल, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. तो अगदीच निराधार होता असे नाही. त्या काळच्या यंत्रांवर दोन मोठे तक्ते जोडणे हे खरोखरच जड काम होते.

याच वर्षांत कॉड यांनी तक्त्यांच्या शुद्धीकरणाचे नियमही घालून दिले. एक गोष्ट एकाच जागी नोंदवावी, म्हणजे ती बदलताना दुसरीकडे जुनी राहून जाणार नाही, हे त्यांचे सार. 'नॉर्मल फॉर्म' या नावाने आजही विद्यार्थी ते परीक्षेसाठी पाठ करतात. गंमत अशी की माहिती जितकी नीट विभागावी तितके तक्ते वाढतात, आणि तक्ते वाढले की जोडण्या वाढतात. सापळ्याच्या जागाही त्याच हिशेबाने वाढतात!

अखेर आयबीएमने सॅन होजेला 'सिस्टिम आर' हा प्रयोग सुरू केला. त्यात कॉड यांचा थेट सहभाग नव्हता. त्यांची स्वतःची 'अल्फा' नावाची भाषा होती, काटेकोर तर्कशास्त्रावर बेतलेली. ती बाजूला राहिली आणि डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस या दोन तरुण सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये इंग्रजी वाक्यासारखी वाचता येईल अशी 'सीक्वेल' ही भाषा मांडली. हीच पुढे एसक्यूएल झाली. गणिती चिन्हांची भीती वाटणाऱ्या सामान्य कर्मचाऱ्यालाही ती वापरता यावी हा तिच्या कर्त्यांचा हेतू उदात्त होता, आणि तिच्या यशाचे रहस्यही त्यातच आहे. मात्र व्यवहाराच्या सोयीसाठी एक तडजोड झाली. एकसारख्या ओळी शोधून काढून टाकायच्या तर सगळ्या ओळींची क्रमवारी लावावी लागते. त्याला वेळ लागतो. म्हणून एसक्यूएलने एकसारख्या ओळी तशाच राहू द्यायच्या आणि कोणाला नको असतील तर त्याने 'डिस्टिंक्ट' असा शब्द लिहून तसे सांगायचे, असे ठरले. संचाची जागा पिशवीने घेतली.

पुढचा इतिहास वेगाने घडला. सिस्टिम आरचे प्रसिद्ध झालेले निबंध वाचून कॅलिफोर्नियातीलच एका छोट्या कंपनीने १९७९ मध्ये ओरॅकल ही प्रणाली बाजारात आणली. बर्कली विद्यापीठात इंग्रेस आकाराला आली. ज्या कंपनीत ही कल्पना जन्मली त्या आयबीएमला स्वतःचे उत्पादन विकायला १९८१ साल उजाडले आणि डीबी-२ ही प्रणाली १९८३ मध्ये आली. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने एसक्यूएलवर अधिकृत शिक्का उमटवला. कॉड यांचा विचार जिंकला होता. पण जिंकलेल्या सैन्याच्या निशाणावरचे चिन्ह आपले नव्हेच, असे त्यांना वाटत होते.

पडून झालेल्या गंभीर दुखापतीनंतर १९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली आणि ख्रिस डेट व शॅरन वाइनबर्ग या सहकाऱ्यांसह सल्लागार संस्था काढली. तोवर रिलेशनल हा शब्द विक्रेत्यांच्या जाहिरातींत सर्रास दिसू लागला होता. जुन्या प्रणालीवर नवा रंग चढवून तीही त्याच नावाने विकली जाई. कॉड यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये 'कॉम्प्युटरवर्ल्ड' या साप्ताहिकात खऱ्या रिलेशनल प्रणालीच्या कसोट्या जाहीर केल्या. त्या 'बारा नियम' म्हणून ओळखल्या जातात, जरी शून्यापासून मोजल्यामुळे प्रत्यक्षात त्या तेरा आहेत. बाजारातले एकही उत्पादन त्या सगळ्या कसोट्यांना उतरत नव्हते. विक्रेते नाराज झाले यात नवल नाही.

खरा घाव त्यांनी घातला तो १९८८ मध्ये. 'डेटामेशन' या नियतकालिकात दोन भागांत लेख लिहून त्यांनी एसक्यूएलमधले तीन प्राणघातक दोष दाखवले. त्या तिन्ही दोषांची नावे आज एखाद्या प्रोग्रॅमरपुढे ठेवली, तर चुकलेल्या ओळींच्या मोजणीमागची कारणेच कोणीतरी सांगितली असे त्याला वाटेल.

पहिला दोष अर्थातच एकसारख्या ओळींचा. त्याचे समर्थन करणारे किराणा दुकानाच्या पावतीचा दाखला देत: एकच वस्तू दोनदा घेतली तर पावतीवर दोन सारख्या ओळी येणारच. कॉड यांचे म्हणणे असे की तिथे वस्तूसमोर दोन हा आकडा लिहावा, किंवा ओळींना क्रमांक द्यावा. एखादे विधान दोनदा उच्चारल्याने ते अधिक खरे होत नाही. सारख्या ओळींचा अर्थ प्रत्येक जण आपल्या मनाने लावणार, मग दोन माणसांचे हिशेब जुळणार कसे? डिस्टिंक्टचे औषधही रोगाइतकेच घातक ठरू शकते. वरच्या उदाहरणात जादा ओळी गाळायच्या म्हणून केवळ वेगवेगळ्या रकमांची बेरीज घेतली, तर तीन-तीन हजारांचे दोन खरे हप्ते सारखेच दिसतात म्हणून एकच उरतो आणि निम्मी वसुली कागदावरून नाहीशी होते. अठरा हजारांची चूक निदान डोळ्यांत भरते. तीन हजारांची चूक भरत नाही.

दुसरा दोष एकच प्रश्न अनेक प्रकारे विचारता येण्याचा. गेल्या महिन्यात खरेदी केलेल्या ग्राहकांची नावे हवी आहेत, असे समजा. एका वाक्यात दुसरे वाक्य बसवून विचारले तर प्रत्येक ग्राहक एकदाच येतो. ग्राहक व खरेदी यांची जोडणी करून विचारले तर जितक्या खरेद्या तितक्या वेळा तो येतो. लिहिणाऱ्याला दोन्ही वाक्ये समानार्थी वाटतात, पण ओळींची संख्या वेगळी भरते. शुद्ध संचांच्या जगात हा भेद उरलाच नसता.

तिसरा दोष गैरहजर माहितीविषयीचा, आणि त्याने ओळी वाढत नाहीत, गळतात. एखाद्या ग्राहकाचे शहर नोंदलेलेच नसेल तर त्या जागी 'नल' ही खूण असते. पुण्याबाहेरचे ग्राहक मागितले तर तो ग्राहक यादीत येत नाही आणि पुण्यातले मागितले तरी येत नाही. कारण दोन्ही प्रश्नांचे त्याच्यापुरते उत्तर होय किंवा नाही असे नसून अज्ञात असे आहे. वगळायच्या यादीत अशी एक जरी रिकामी खूण शिरली, तर 'नॉट इन' वापरून विचारलेल्या प्रश्नाला एकही ओळ मिळत नाही. जोडणीतही तसेच. जोडीदार नसलेल्या ओळी टिकाव्यात म्हणून 'लेफ्ट जॉइन' करायचा आणि मग उजव्या तक्त्यावरची अट जोडणीच्या कलमाऐवजी शेवटच्या 'व्हेअर'मध्ये लिहायची, म्हणजे टिकवलेल्या ओळी पुन्हा हाकलून दिल्यासारखेच होते.

इथे कॉड यांच्याकडेही काही दोष जातो. रिकाम्या जागांसाठी तिसरे तार्किक मूल्य असावे हा आग्रह त्यांचाच होता. बाहेरच्या जोडणीची चर्चाही त्यांच्या १९७९ च्या निबंधात आहे. एसक्यूएलने ते अर्धवट स्वीकारले ही त्यांची तक्रार खरी, पण १९९० च्या ग्रंथात त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे माहिती ठाऊक नसणे आणि माहिती लागूच नसणे यांसाठी दोन वेगळ्या खुणा, अर्थात चार मूल्यांचे तर्कशास्त्र. तीन मूल्यांनी गोंधळलेल्या माणसाला चौथे देऊन दिलासा मिळेल, ही अपेक्षा अवास्तव होती. त्यांचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांनीही या बाबतीत त्यांची साथ सोडली. रिकाम्या खुणाच नकोत असे डेट यांचे मत होते, आणि दोघांनी हा मतभेद उघडपणे छापून मांडला.

सारख्या ओळींबाबत मात्र कॉड यांची बाजू काळाने बळकटच केली. आज अनुभवी मंडळी चुकलेली मोजणी तपासतात ती पद्धत पाहावी. जोडण्या एकेक करत वाढवायच्या आणि प्रत्येक पायरीला ओळी मोजायच्या. ज्या पायरीला संख्या उडी मारते, तिथल्या तक्त्यात जोडणीचे मूल्य एकदाच येते की अनेकदा, हे गट पाडून पाहायचे. वस्तूंची बेरीज बिलागणिक आधीच एका ओळीत आणायची, हप्त्यांची तशीच, आणि मगच त्या बिलाला जोडायच्या. केवळ अस्तित्व तपासायचे असेल तर जोडणी न करता 'एक्झिस्ट्स' वापरायचे. आणि या सगळ्याआधी एक प्रश्न: निकालातली एक ओळ म्हणजे नेमके काय, बिल, वस्तू की हप्ता? हा प्रश्न किल्लीचाच आहे, १९७० च्या निबंधातला.

१९९३ मध्ये माहितीच्या विश्लेषणासंबंधी त्यांनी लिहिलेल्या एका अहवालावरून वाद झाला. त्याचा खर्च ज्या कंपनीने केला होता तिच्याच उत्पादनाला त्यातले नियम सोयीचे होते, अशी टीका झाली. आयुष्यभर विक्रेत्यांना धारेवर धरणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा आक्षेप यावा, हे दुर्दैवच. १९९० मध्ये त्यांनी शॅरन वाइनबर्ग यांच्याशी विवाह केला होता. पहिल्या विवाहापासून त्यांना चार मुले होती. विमान उडवण्याची हौस सॅन होजेच्या दिवसांतही सुटली नव्हती.

फ्लोरिडातील विल्यम्स आयलंड येथील राहत्या घरी १८ एप्रिल २००३ रोजी हृदयविकाराने कॉड यांचे निधन झाले. ते ७९ वर्षांचे होते. तोवर बँकांची खाती, विमानांची आरक्षणे, रुग्णालयांच्या नोंदी जगभर त्यांनी कल्पिलेल्या तक्त्यांत साठवल्या जात होत्या. पुढच्याच वर्षी डेटाबेस क्षेत्रातील संशोधनाच्या एका मानाच्या पुरस्काराला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या निधनाच्या वर्षअखेरीस, डिसेंबर २००३ मध्ये, एसक्यूएलच्या आंतरराष्ट्रीय मानकाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीतही एकसारख्या ओळींना पूर्वीसारखीच मुभा होती.